विश्लेषण : ट्यून केलेल्या गाडीचा डायनोवरचा ‘बीएचपी’ किती खरा?

समाजमाध्यमांवर असे व्हिडीओ रोज दिसतात. गॅरेजमध्ये पट्ट्यांनी जखडलेली गाडी, लोखंडी रोलरवर गरगरणारी चाके, कानठळ्या बसवणारा आवाज आणि शेवटी पडद्यावर उमटणारा आकडा : ‘आधी १०५, आता १३५’. खाली अभिनंदनाचा पाऊस. गाडीच्या इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलून, म्हणजे ‘रिमॅप’ करून ही वाढ मिळवलेली असते. मालकाने त्यासाठी हजारो रुपये मोजलेले असतात आणि काम झाल्याचा पुरावा म्हणून त्याच्या हाती पडतो तो डायनोच्या आलेखाचा कागद. भाजीवाल्याच्या तराजूवर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का, हे निरखून पाहणारा ग्राहकही या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

हा आकडा खोटाच असतो, असे नाही. पण तो एकट्या गाडीचा नसतो. त्यात यंत्राचा, त्या दिवशीच्या हवेचा, टायरचा आणि यंत्र चालवणाऱ्याचाही वाटा असतो.

डायनो नेमके काय मोजतो?

गॅरेजमधल्या डायनोचे पूर्ण नाव चासिस डायनामोमीटर. ब्रिटनमध्ये त्याला रोलिंग रोड म्हणतात. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात एक अवजड ड्रम असतो. त्याचे जडत्व आधीच माहीत असते. गाडीच्या चाकांनी तो किती झपाट्याने वेग घेतो, यावरून संगणक पॉवर काढतो. दुसऱ्या प्रकारात रोलरला विद्युतचुंबकीय ब्रेक जोडलेला असतो. तो रोलरला अडवतो आणि अडवण्यासाठी किती बळ लागले हे सेन्सर मोजतो. ब्रेक हॉर्सपॉवर या शब्दातला ‘ब्रेक’ आला तो इंजिनाला असेच ब्रेक लावून मोजण्याच्या पद्धतीतून. (हॉर्सपॉवर हे एकक जेम्स वॉटने रूढ केले, तेही वाफेचे इंजिन घोड्यांपेक्षा किती सरस हे गिऱ्हाइकांना पटवण्यासाठी. म्हणजे या आकड्याचे जाहिरातीशी नाते जन्मापासूनचे आहे.)

दोन्ही प्रकारांत यंत्राला थेट कळते ते एवढेच की, रोलरच्या पृष्ठभागावर किती बळ लागते आहे आणि तो किती वेगाने फिरतो आहे. या दोन्हींच्या गुणाकारातून चाकांवरची पॉवर मिळते. बाकी सगळे हिशेब आहेत. इंजिनाचा टॉर्क काढायचा तर इंजिनाचा आरपीएमही अचूक कळावा लागतो. तो चुकला, तर पॉवरचा आकडा बरोबर राहूनही टॉर्कचा आकडा चुकतो.

याची पडताळणी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येते. बीएचपीला ७,१२१ ने गुणायचे आणि त्या क्षणीच्या आरपीएमने भागायचे. उत्तर न्यूटन-मीटरमधला टॉर्क. ५,००० आरपीएमला १३५ बीएचपी असेल, तर त्याच ठिकाणी टॉर्क १९२ न्यूटन-मीटरच्या आसपास हवा. आलेखावर तिथे २३० दिसत असेल, तर कागदातच गडबड आहे. आणखी एक गोष्ट बघावी. माहितीपत्रकातला आकडा बहुधा ‘पीएस’मध्ये असतो, तर कागदावरचा बीएचपीमध्ये किंवा उलट. दोघांत दीड टक्क्याच्या आतबाहेरचा फरक आहे. १५० बीएचपी म्हणजे १५२ पीएस. दोन ‘घोडे’ असेच फुकट मिळतात.

चाकावरून इंजिनापर्यंत

कंपनीने जाहीर केलेली पॉवर ही इंजिन प्रयोगशाळेत बाकावर बसवून, क्रँकशाफ्टपाशी मोजलेली असते. डायनो मोजतो ती चाकांपाशी. मधल्या प्रवासात गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंग आणि टायर आपापला वाटा खातात. किती? याचे एकच एक उत्तर नाही. तरीही अनेक गॅरेजमध्ये ‘१५ टक्के धरा’ हा नियम पाठ असतो. त्यातही गंमत आहे. चाकांवर ८५ बीएचपी मिळाले, तर कुणी त्याला ०.८५ ने भागून १०० म्हणतो, कुणी १.१५ ने गुणून ९८ म्हणतो. मुख्य अडचण मात्र वेगळी. गिअरबॉक्समधल्या तेलाला घुसळायला लागणारी शक्ती इंजिन ट्यून केल्याने वाढत नाही. गिअरच्या दातांमधले घर्षण मात्र भार वाढला की वाढते. सरसकट टक्केवारी लावली की नुकसानीचा जो भाग स्थिर आहे तोही वाढवून धरला जातो आणि इंजिनाच्या पॉवरमधली वाढ फुगते.

काही डायनो याहून बरी युक्ती करतात. पूर्ण वेग गाठल्यावर चालक क्लच दाबतो, गाडी गिअरमध्येच ठेवून चाके आपोआप मंदावू देतो. मंदावण्याच्या दरावरून घर्षण किती ते कळते आणि ते चाकांवरच्या पॉवरमध्ये मिळवले जाते. पण मंदावताना इंजिनाचा भार नसतो, त्यामुळे भाराखालचे घर्षण या हिशेबात पूर्णपणे येत नाही. शिवाय मधल्या काळात चालकाने ब्रेकवर हलकासा पाय ठेवला, तर ‘नुकसान’ वाढते आणि इंजिनाची पॉवरही वाढलेली दिसते.

टायर हा तर स्वतंत्र विषय आहे. दोन छोट्या रोलरच्या खाचेत बसलेला टायर रस्त्यावर दबतो त्यापेक्षा जास्त आणि दोन ठिकाणी दबतो. पट्टे किती आवळले, टायरमध्ये हवा किती, टायर किती तापला, यावर चाकांवरचा आकडा वरखाली होतो. ड्रमच्या डायनोवर जड अलॉय व्हील लावलेली गाडी कमी पॉवर दाखवते, कारण काही शक्ती ती चाके फिरवण्यातच जाते. इंजिनात तसूभरही बदल झालेला नसतो. चाके काढून थेट हबला जोडण्याचे डायनो यातली बरीच डोकेदुखी टाळतात.

पुण्यात एक, मुंबईत दुसरा?

सगळ्यात मोठा खेळ हवेचा. इंजिनाला ताकद इंधनासोबत ऑक्सिजनमधून मिळते. हवा गरम किंवा विरळ असेल, तर तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. त्यामुळे मोजलेला आकडा एका ठरावीक हवामानाला ‘दुरुस्त’ केला जातो. हे ठरावीक हवामान कोणते, याबद्दल मात्र मानकांचे एकमत नाही. अमेरिकेतले एसएई जे-१३४९ हे मानक २५ अंश सेल्सिअस आणि कोरड्या हवेचा ९९० मिलिबार दाब धरते. जर्मन डीआयएन ७००२० हे २० अंश आणि १,०१३ मिलिबार धरते. एसएईचेच जुने जे-६०७ साडेपंधरा अंशांच्या आसपास आणि १,०१३ मिलिबार. सॉफ्टवेअरमध्ये यातला पर्याय निवडण्यासाठी एक क्लिक पुरतो. एसएईच्याच जुन्या आणि नव्या मानकांत हवामानानुसार अडीच ते चार टक्क्यांचा फरक पडतो. गाडी तीच, फेरी तीच, आकडा १५० ऐवजी १५५.

आता हा गुणक महाराष्ट्रात लावून पाहू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब साधारण ९४५ मिलिबार. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश तापमान धरले आणि आर्द्रतेचा वाटा वजा केला, तर जे-१३४९ च्या सूत्राने गुणक १.१० येतो. म्हणजे मोजलेल्या पॉवरमध्ये १० टक्के भर. मुंबईत समुद्रकाठी, ३० अंशांच्या दमट हवेत तोच गुणक १.०३ च्या आत राहतो. सूत्र बरोबर आहे आणि नैसर्गिक श्वसनाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, पेट्रोल इंजिनाला ते बऱ्यापैकी लागूही पडते. पण १० टक्क्यांची दुरुस्ती ही लहान दुरुस्ती नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील आर-८५ या नियमात पेट्रोल इंजिनासाठी गुणक ०.९३ ते १.०७ या पट्ट्यात असणे अपेक्षित आहे. त्याबाहेर गेला तर चाचणीवेळचे तापमान आणि दाब अहवालात नेमके नोंदवावे लागतात. पुण्यातला उन्हाळा त्या पट्ट्याच्या बाहेर जातो. गॅरेजच्या कागदावर मात्र गुणक छापलेलाच नसतो, अशी उदाहरणे ढिगाने सापडतील.

टर्बो गाडीत हे गणित आणखी बिघडते. आजच्या टर्बो इंजिनातला संगणक इनटेकमध्ये ठरावीक दाब राखण्याचा प्रयत्न करतो. बाहेरची हवा विरळ असली, तर टर्बो थोडा जास्त वेगाने फिरून कमतरता भरून काढतो. म्हणजे पुण्यातल्या उंचीची बरीचशी भरपाई इंजिनाने स्वतःच केलेली असते. त्यावर पुन्हा टर्बो नसलेल्या इंजिनाचा १० टक्क्यांचा गुणक लावला, तर भरपाई दोनदा होते. ट्यूनिंगसाठी येणाऱ्या गाड्यांत टर्बोवाल्याच जास्त असतात, हे लक्षात घेतले की या चुकीचे वजन कळते.

याच्या उलटही घडते. रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने जाताना इंटरकूलरवर सेकंदाला जवळपास २८ मीटर वेगाने वारा आदळतो. गॅरेजमधला पंखा बहुधा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत इंटरकूलर तापतो, ईसीयू सावध होऊन इग्निशन मागे खेचतो आणि गाडी रस्त्यावर देते त्यापेक्षा कमी पॉवर रोलरवर दाखवते.

तापमान मोजणारा सेन्सर कुठे टांगला आहे, हेही बघावे. खोलीत ३५ अंश असताना तो गरम इंजिनाशेजारी ५५ अंश दाखवत असेल, तर गुणक पावणेचार टक्क्यांनी वाढतो. १५० बीएचपीच्या गाडीत हे साडेपाच बीएचपी झाले. रिमॅप नाही, सुटा भाग नाही, फक्त सेन्सर सरकवला.

‘आधी’ आणि ‘नंतर’

एवढे ऐकल्यावर गॅरेजवाल्यांचे ठरलेले उत्तर असते : एकूण आकडा सोडा, वाढ बघा. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये, त्याच टायरवर घेतलेल्या दोन फेऱ्यांची तुलना केली, तर यंत्राची बहुतेक चूक दोन्हीकडे सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. डायनोवर विश्वास ठेवायचाच, तर तो इथे ठेवावा. मात्र ‘त्याच’ या शब्दाची प्रत्येक अट पाळली गेली पाहिजे.

गाडी सकाळी थंड गिअरबॉक्ससह रोलरवर चढते. ‘आधी’ची फेरी होते. गिअरबॉक्समधले तेल घट्ट, टायर गार, त्यामुळे आकडा कमी. मग रिमॅप होतो, दोन-तीन सरावाच्या फेऱ्या होतात, तेल पातळ होते, टायर तापतात आणि ‘नंतर’ची फेरी घेतली जाते. यातली काही वाढ सॉफ्टवेअरची आणि काही निव्वळ तेल तापल्याची. इथे कुणी फसवलेच असेल असे नाही. घाईत असेच होते. ‘आधी’ बॉनेट बंद आणि ‘नंतर’ उघडे ठेवून पंखा समोर सरकवला, तर हेतूबद्दल शंका घ्यायला जागा आहे. आलेख गुळगुळीत करण्याची पातळी दोन फेऱ्यांत वेगळी ठेवली, तरी टोकाचा आकडा बदलतो.

‘आधी’ची फेरीच न घेता माहितीपत्रकातला आकडा आधार धरणे हा प्रकार तर सर्रास चालतो. आर-८५ नुसार कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या इंजिनाची पॉवर जाहीर आकड्यापेक्षा पाच टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालते. १०५ ची गाडी मुळातच ११० ची असू शकते. तिला १३५ पर्यंत नेणाऱ्याने ३० नव्हे, २५ वाढवले.

चांगल्या यंत्रावर लागोपाठच्या फेऱ्यांतही एक-दोन टक्के फरक पडतोच. १०५ बीएचपीच्या गाडीत हा फरक दोन बीएचपीचा झाला. त्यामुळे ‘आमच्या एअर फिल्टरने तीन बीएचपी वाढले’ हा दावा एकेका फेरीवर सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या तीन-चार फेऱ्या हव्यात आणि त्या सगळ्या छापलेल्या हव्यात, निवडून काढलेली सर्वोत्तम एक नव्हे. २५-३० बीएचपीची वाढ मात्र चुकीच्या पट्ट्यात दडणारी नाही. ती असेल तर दिसतेच.

मग हे यंत्र निरुपयोगी का?

मुळीच नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत फोर्डने मस्टँग कोब्राची नवी आवृत्ती आणली. दावा ३२० हॉर्सपॉवरचा होता. मालकांनी गाड्या रोलरवर चढवल्या आणि आकडे दाव्याशी जुळेनात. फोर्डने ऑगस्टमध्ये विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावून इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट आणि इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून दिले. पुढच्या वर्षी नेहमीची कोब्रा बाजारात आलीच नाही. नुकसानीच्या टक्केवारीवर कितीही वाद घातला, तरी तुटीचे स्पष्टीकरण त्यातून निघत नव्हते. प्रत्येक यंत्राने थोडा वेगळा आकडा दिला, पण दिशा एकच दाखवली. ग्राहकांच्या हातातले हे यंत्र नसते, तर ही तूट किती काळ झाकली राहिली असती, सांगता येत नाही.

ट्यूनरसाठी डायनोचे खरे मोल आकड्यात नसून आलेखाच्या आकारात आणि सोबतच्या नोंदींत आहे. कोणत्या आरपीएमला टॉर्क खचतो, इंधन-हवेचे प्रमाण कुठे बिघडते, इंजिन नॉक कधी करू लागते, हे सगळे रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात न घालता बघता येते. ब्रेकवाल्या डायनोवर गाडी एकाच आरपीएमला भाराखाली धरून ठेवता येते. उतावळ्या झटपट फेरीत न दिसणारे दोष तिथे दिसतात. ज्या गॅरेजचा माणूस ग्राहकाला टोकाच्या आकड्याआधी इंधन-हवेची रेघ दाखवतो, तिथे काम करून घ्यायला हरकत नाही.

आधुनिक गाडीला आपण रोलरवर आहोत हे कळू शकते, हेही विसरता कामा नये. पुढची चाके फिरतात आणि मागची स्थिर, हे एबीएसच्या सेन्सरना दिसते आणि ट्रॅक्शन कंट्रोल पॉवर कापू शकतो. फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात तर गाडीने स्टिअरिंगची स्थिती, वेग, वेळ अशा खुणांवरून प्रयोगशाळेतली चाचणी ओळखली आणि तेवढ्यापुरते प्रदूषण कमी केले. २०१५ मध्ये ते उघडकीस आले. पुण्यातल्या ‘एआरएआय’च्या तपासणीनंतर भारतातही तीन लाखांवर गाड्या परत बोलावल्या गेल्या. तो मामला धुराचा होता, पॉवरचा नव्हे. पण रोलरवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी एकच असते हे गृहीत धरू नये, एवढे त्यातून कळले.

काही जण म्हणतात, डायनो नको, मोबाइलवरचे जीपीएस अॅप पुरे. ८० ते १२० ला किती सेकंद लागले ते मोजा. त्यातही खाचखळगे आहेत. १,२०० किलोची गाडी ताशी १०० च्या वेगात असताना रस्त्याला डोळ्यांना न दिसणारा एक टक्क्याचा चढ असला, तरी जवळपास साडेचार बीएचपी त्यातच खर्च होतात. त्यापेक्षा बंद धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत ४०२ मीटरच्या शेवटी मिळणारा वेग बराच प्रामाणिक. वजनाच्या मानाने पॉवर किती, हे तो सांगतो आणि तिथे दुरुस्तीचा गुणक नसतो. सार्वजनिक महामार्गावर हा प्रयोग करणे मात्र गुन्हा आणि मूर्खपणा, दोन्ही.

चुकीच्या आकड्याची किंमत कोण मोजते?

फुगलेला आकडा फार तर खिसा आणि अभिमान दुखावतो. कमी दाखवणारा डायनो जास्त घातक ठरू शकतो. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.५ लिटर टर्बो पेट्रोल गाड्यांतला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी हा २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा टॉर्क पेलण्यासाठी बनलेला आहे आणि या इंजिनाचा मूळ टॉर्कच २५० आहे. तोच गिअरबॉक्स जुन्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १७५ न्यूटन-मीटरच्या इंजिनासोबत होता. तिथे रिमॅपला थोडी जागा होती; इथे ती नाही. जुन्या पोलोचा मालक ‘मर्यादेच्या आत २४५ वर ठेवा’ असे सांगतो आणि डायनो १० टक्के कमी दाखवत असतो. प्रत्यक्षात क्लचवर २७० पडतात. आलेख सुंदर असतो. काही महिन्यांनी गाडी गिअर बदलताना हिसके देऊ लागते आणि तेव्हा वॉरंटीचा विषय संपलेला असतो. एकूण आकड्याला महत्त्व नाही, फक्त वाढ बघा, हा सल्ला या ठिकाणी अपुरा पडतो. मर्यादेजवळ काम करायचे, तर आधी मूळ स्थितीतली गाडी त्याच डायनोवर चढवून तो किती कमी-जास्त दाखवतो हे पाहावे लागते, आणि त्यानंतरही मर्यादेपासून १० टक्के दूर थांबावे लागते.

म्हणून कागद हातात घेताना काही गोष्टी मागून घ्याव्यात : दुरुस्त न केलेली चाकांवरची पॉवर, लावलेला गुणक आणि मानकाचे नाव, फेरीवेळचे तापमान व दाब, गिअर, आणि सगळ्या फेऱ्यांचे आलेख. यातले काहीही गुपित नाही. सॉफ्टवेअरमध्ये ते आधीच साठवलेले असते आणि छापायला एक मिनिट लागते. ते द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या आकड्यातून निदान १० टक्के मनातल्या मनात वजा करावेत.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२-ए मध्ये आली. रिमॅप बाहेरून दिसत नाही, म्हणून आरटीओच्या तपासणीत तो सहसा सापडत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक कागदपत्रे चाळू लागतो तेव्हा गोष्ट वेगळी असते, आणि नंबरप्लेटसह डायनोचा व्हिडीओ मालकाने स्वतःच्याच खात्यावर तारखेसकट टाकलेला असतो.